नवव्या स्वराची गोष्ट

चूक माझीच होती, हे आधी कबूल केलेले बरे. पेटीवर हात बसलेला आणि चार राग ठाऊक, एवढ्या भांडवलावर मी पियानोशी सलगी करायला गेलो. एका वहीत ‘मायनर नाइन्थ’ असे कॉर्डचे नाव वाचले. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी दाबलेला स्वरांचा जुडगा. मायनर म्हणजे कोमल आणि नाइन्थ म्हणजे नववा, असा मी सरळ हिशेब केला. ‘सा’पासून मोजले की आठवा तार षड्ज आणि नववा तार ऋषभ. तेव्हा मी कोमल ऋषभ दाबला. आवाज असा कर्कश उठला, की साहेबाच्या संगीताला कान नाही असा निकाल देऊन मी मोकळा झालो.

पियानो होता शेजारच्या गोव्याच्या अंकलांचा. उमेदीच्या काळात ते हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवीत. ते आतूनच ओरडले, “अरे बाबा, मायनर ती कॉर्ड! नाइन्थ नव्हे. रे शुद्धच घे.”

मग त्यांनी बोटे लावून दाखवली. पांढरी एक हा ‘सा’ धरावा आणि तो डाव्या हाताने खाली द्यावा. उजव्या हाताचा अंगठा काळी दोनवर, म्हणजे कोमल गंधारावर. तर्जनी पंचमावर, मधले बोट काळी पाचवर, म्हणजे कोमल निषादावर. आणि करंगळी वरच्या सप्तकातल्या शुद्ध ऋषभावर. पाचही स्वर एकदम दाबले आणि खोलीत संध्याकाळ झाल्यासारखे वाटले. तोच ऋषभ ‘सा’च्या लगत दाबला तर टोचतो, एक सप्तक दूर नेऊन, मध्ये तीन स्वर बसवले की तो मवाळ होतो. काही नातेवाईकांचेही असेच असते.

पण हा नववा स्वर युरोपातही सुखासुखी नांदलेला नाही. फ्रेंच संगीतकार जाँ-फिलिप रामो याने 1722 मध्ये स्वरमेळावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कॉर्ड म्हणजे एकाआड एक स्वर रचून बांधलेली उतरंड, असा त्याचा विचार. चार स्वरांपर्यंत उतरंड ठीक उभी राहिली. पाचवा आला तेव्हा पंचाईत झाली. रामोने तोड काढली ती उलटी. वरचे चार स्वर हीच खरी कॉर्ड, तळाचा स्वर तिच्याखाली मागाहून सरकवलेला, असे त्याने मानले. म्हणजे घरचा कोण आणि पाहुणा कोण, याचा वाद तेव्हापासूनचा.

पुढे नवव्याला घरात घेतले, पण अटीवर. त्याने मूळ स्वराच्या वरच बसावे. खर्जात उतरू नये. 1899 मध्ये व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्ग या पंचविशीतल्या तरुणाने दोन व्हायोलिने, दोन व्हायोला आणि दोन चेलो यांसाठी ‘फेरक्लेर्टे नाख्ट’ ही रचना केली. तिच्यात एके ठिकाणी नववा स्वर थेट तळाशी होता. ती कॉर्ड आपल्या मायनर नाइन्थची सख्खी बहीण नव्हे, चुलत म्हणा. व्हिएन्नातल्या संगीतकारांच्या संस्थेने रचना नाकारली. असली कॉर्ड ग्रंथांत नव्हती! जे अस्तित्वातच नाही ते वाजवणार कसे, असा टोमणा शोनबर्गने पुढे मारला. मार्च 1902 मध्ये ती व्हिएन्नातच वाजली, आणि आजही वाजते.

तिसरा प्रसंग न्यूयॉर्कचा. 1959 च्या मार्च-एप्रिलमध्ये माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चे ध्वनिमुद्रण झाले. त्यातल्या बहुतेक चिजांना पियानोवर बिल इव्हान्स होता. त्या काळच्या आणखी काही जॅझवादकांप्रमाणे इव्हान्स कॉर्डमधला ‘सा’ पुष्कळदा वाजवीतच नसे. शेजारी पॉल चेंबर्स खर्जाचे तंतुवाद्य घेऊन उभा. मूळ स्वर त्याने सांभाळायचा. पियानोने फक्त वरचे रंग भरायचे. रामोने कागदावर बाजूला काढलेला तळाचा स्वर इथे खरोखरच दुसऱ्याच्या हाती गेला. कारणे वेगळी, पण वाट एकच.

अंकलांनी हेही करून दाखवले. “आता सा सोड,” म्हणाले. पेटीवाल्याला सा सोड म्हणणे म्हणजे वारकऱ्याला माळ उतरव म्हणण्यासारखे! भीत भीत डावा हात उचलला. उरलेले चार स्वर एकदम उजळ, प्रसन्न वाजले. उदासी कुठल्या कुठे गेली. खाली पुन्हा ‘सा’ दिला, तशी त्याच चार स्वरांवर सावली पसरली. वरचे कोणी हललेही नव्हते.

त्या रात्री तंबोरा जुळवताना लक्षात आले, की यात मला नवे असे फारसे नव्हतेच. तंबोरा ‘सा’ सांभाळतो म्हणून तर गवई तार ऋषभावर निवांत थांबू शकतो. तो नववा स्वर मी लहानपणापासून ऐकत होतो, त्याला दादही देत होतो. परक्या नावाने तो समोर आला तेव्हा मी चुकीची पट्टी दाबली आणि दोष दिला साहेबाच्या कानाला. व्हिएन्नाच्या त्या मंडळींना हसण्याचा हक्क मला तरी उरलेला नाही.