दहा टोळ्या खरंच हरवल्या?

इस्रायलच्या दहा हरवलेल्या टोळ्यांचे वंशज शोधत सिम्खा जेकोबोविची यांचा माहितीपट देशोदेशी फिरतो. पण आपण आधी विचारू या, हरवले किती जण? इ.स.पू. ७२२ च्या सुमारास असिरियाने समारिया जिंकलं. दुसऱ्या सार्गोन राजाच्या खोर्साबादच्या शिलालेखात २७,२९० लोक नेल्याची नोंद आहे. म्हणजे सगळी प्रजा नव्हे. पुष्कळ जण तिथेच राहिले, काही दक्षिणेला यहुदात गेले.

मग जनुकं काय सांगतात? कोकणातल्या बेने इस्रायलींच्या २०१६ सालच्या अभ्यासात ज्यू आणि भारतीय, दोन्ही पूर्वजांच्या खुणा सापडल्या. त्यांवरून नातं कळतं. टोळीचं नाव कळत नाही. ते परंपरा सांगते. वर्गात असा माहितीपट दाखवताना आपण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.