पीओएस प्लॅन : अमेरिकेत विमा निवडताना
अमेरिकेत नोकरीला गेलेल्या आपल्या मुलामुलींना ऑफिसकडून हेल्थ इन्शुरन्सचे दोन-तीन पर्याय मिळतात. त्यातला एक पॉईंट ऑफ सर्व्हिस, म्हणजे पीओएस. यात बहुधा आधी एक फॅमिली डॉक्टर निवडायचा. स्पेशालिस्टकडे जायचं तर त्याचं रेफरल घ्यायचं. न घेता गेलात तर नेटवर्कमधल्या डॉक्टरचं बिलही बाहेरच्या दराने लागू शकतं.

नेटवर्कबाहेरचा डॉक्टर चालतो, पण खिसा तिथेच रिकामा होतो. ‘60 टक्के आम्ही भरू’ असं विमा कंपनी म्हणते, ते बिलाचे नव्हे, तिने मान्य केलेल्या रकमेचे. समजा बिल 1000 डॉलर, मान्य रक्कम 600. कंपनी देणार 360. उरलेले 640 तुमच्या माथी. वर्षाची डिडक्टिबल भरून झाली असेल तरच हा हिशोब, नाहीतर आणखी जास्त.

लेडी डॉक्टर हवी म्हणून बाहेर जाणाऱ्या भगिनींनी आधी नेटवर्कची यादी बघावी. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला सहसा रेफरल लागत नाही.

इमर्जन्सीत मात्र यादी बघत बसू नका, जवळचं हॉस्पिटल गाठा. 2022 पासून लागू झालेल्या कायद्याने तिथे नेटवर्कबाहेरचं जादा बिल लावायला मनाई आहे. रस्त्यावरची अ‍ॅम्ब्युलन्स तेवढी त्यात येत नाही.