पुण्याचें घोडदौडीचें मैदान

पुण्याच्या पूर्वेस सोलापूरच्या सडकेवर लोणी काळभोर हें गांव आहे. आज मी आपणांस या गांवाहून पश्चिमेकडे, हडपसरवरून पुण्याच्या लष्करापर्यंत घेऊन जाणार आहें. वाट थोड्या कोसांची आहे. परंतु अश्व या एका प्राण्याचा अडीचशें वर्षांचा इतिहास तिच्या दुतर्फा पसरलेला आहे, आणि तिच्या शेवटीं शर्यतींचें जुनें मैदान आहे.

मैदानाकडे जाण्यापूर्वीं क्षणभर मागें वळून पाहूं. लोणीच्या जवळच थेऊर आहे. थोरले माधवराव पेशवे तेथेंच १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं निवर्तले. त्या काळीं मराठ्यांचें बळ घोडदळांत होतें, आणि भीमेच्या खोऱ्यांत निपजणारा भीमथडी घोडा हा त्या बळाचा मोठा आधार होता. अंगानें लहान, पण काटक. थोड्या वैरणीवर लांबची मजल मारणारा असा त्याचा लौकिक. स्वार दोन प्रकारचे असत. बारगीर सरकारी पागेंतील घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचीं हत्यारें घेऊन चाकरीस येई. घोडा पडला तर बारगिराचें नुकसान सरकार सोशी. शिलेदाराची मात्र रोजीच बुडे. शिरूर तालुक्यांत आलेगांव पागा नांवाचें गांव आहे. त्या नांवांत पागा हा शब्द अजून टिकून आहे.

१८१७ सालीं खडकीची लढाई झाली, पुढील वर्षीं पेशवाई संपली, आणि पुण्याच्या पूर्वेस इंग्रजांची छावणी वाढूं लागली. त्याच छावणींत १८३० सालीं हें मैदान तयार झालें. लष्करी अंमलदारांपाशीं उत्तम घोडीं होतीं. युद्ध नसे तेव्हां तीं पळवून पाहण्याची हौस त्यांना होती. मुंबईंत घोडदौडीची संस्था १८०२ मध्यें निघाली होती व तेथील शर्यती भायखळ्यास होत. इराणी आखाताकडून अरबी घोडीं गलबतांनीं मुंबईस येत, व बराच काळ शर्यतींत त्यांचेंच राज्य होतें. १८८३ सालीं मुंबईंत महालक्ष्मीचें मैदान सिद्ध झालें. तेव्हांपासून एक सोयीची वांटणी रूढ झाली आहे : हिंवाळा-उन्हाळ्यांत मुंबई, पावसाळ्यांत पुणें. मुंबईच्या मुसळधार पावसांत हिरवळ टिकत नाहीं; पुण्याचा पाऊस सौम्य. शिवाय मुंबईचे गव्हर्नरही पावसाळ्यांत पुण्यास मुक्कामास येत, म्हणून शर्यतींना दरबारी थाट चढे.

हें मैदान पाहतांना प्रथम मनांत भरतो तो त्याचा मोकळेपणा. पांढऱ्या कठड्यांनीं आंखलेली हिरवळीची लंबवर्तुळाकृति वाट, एका अंगास प्रेक्षकांच्या बैठकी, आणि भोंवतीं शहराची दाटी. जमीन लष्कराकडे राहिल्यामुळेंच ही मोकळीक वांचली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु शर्यत म्हटली कीं पैज आलीच. मुंबई सरकारनें १९१२ सालीं शर्यतीच्या मैदानांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घोडदौड हा केवळ दैवाचा नसून कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. निर्णय मान्य आहे. पण कौशल्य घोड्याचें, स्वाराचें आणि घोडा तयार करणाराचें. तिकीट घेणारांपैकीं घोड्याची वंशावळ व चाल अभ्यासणारे थोडेच असतात. उरलेल्यांस केवळ आंकडा दिसतो. शिलेदारानेंही घोड्यावर सर्वस्व लावलें होतें, पण त्याला तो स्वतः खरारा करीत होता. हा भेद मीं वर्गांत मुलांना नेहमीं सांगितला, कारण पैजेनें घरें बसतात आणि त्याची झळ प्रथम मुलांनाच लागते.

याच सडकेवर हडपसरला या इतिहासाचें तिसरें पान आहे. पूनावाला घराण्यानें १९४६ सालीं शर्यतीच्या घोड्यांची पैदास सुरू केली. धांवण्याचें वय उलटलेलीं घोडीं मुंबईच्या हाफकिन संस्थेस देण्यांत येत. तेथें त्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार होई. जर्मनींत बेरिंग व जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनीं १८९० सालीं सिद्ध केलेलें तत्त्व तेंच : प्राण्यास धनुर्वाताचें विष अल्प प्रमाणांत टोंचीत गेल्यास त्याच्या रक्तांत त्या विषाचा उतारा उत्पन्न होतो. हें काम येथेंच कां करूं नये, या विचारांतून सायरस पूनावाला यांनीं १९६६ सालीं सीरम इन्स्टिट्यूट काढली. पुढें तिच्या लशी जगभर गेल्या.

आतां प्रश्न जमिनीचा. मुंबईंत महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकीं १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठीं घेण्याचें २०२४ सालीं ठरलें. पुण्याच्या मैदानाचें पुढें कांहींही होवो, शर्यती राहोत वा न राहोत, तेथें इमारती उठूं नयेत एवढें मात्र मनापासून वाटतें. वाढत्या शहरांत एवढी सलग मोकळी जागा एकदां गेली कीं पुन्हां मिळत नाहीं.

शिक्षकबंधूंस माझी एक विनंति आहे. सहलीस निघाल तेव्हां मुलांना थेऊरपासून या मैदानापर्यंत याच सडकेनें आणा, आणि वाटेंत शिलेदार, चाबुकस्वार व धनुर्वाताची लस या तिघांची गोष्ट क्रमानें सांगा. पुस्तकांत निरनिराळ्या धड्यांत विखुरलेला इतिहास त्यांना एका दिवसांत सलग दिसेल.