छाटणी आणि वंशावळ : स्नेक प्लांटच्या पिवळ्या कडेचा इतिहास

मिरची, बटाटा, तंबाखू यांच्या प्रवासाचा इतिहास अभ्यासकांनी बराच लिहिला आहे. घरातील कुंडीत शोभेसाठी वाढणाऱ्या झाडांच्या वाट्याला मात्र असे लेखन क्वचितच येते. तलवारीसारखी जाड, उभी, हिरवी पाने आणि त्यांना पिवळी कड असलेले ‘स्नेक प्लांट’ आज शहरातील असंख्य सज्जांमध्ये आणि कार्यालयांमध्ये दिसते. त्याची ही कड आली कोठून आणि टिकली कशी, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण थेट एका साम्राज्याच्या इतिहासात जाऊन पोचतो. त्या शोधाची सुरुवात छाटणीपासून करणे सोयीचे आहे.

या झाडाचे पान बुडापासून वाढते. त्यामुळे सुकलेला शेंडा कापला, तर तेथे नवा शेंडा येत नाही. पान कायमचे बोथट राहते. म्हणून खराब झालेले पान मातीलगत मुळापासूनच काढावे लागते. कापलेल्या पानाचे तुकडे करून, त्यांची जखम काही दिवस सुकू देऊन रेताड मातीत खोचले, तर त्यांना मुळे फुटतात आणि सावकाश नवी रोपेही येतात. परंतु त्या रोपांना पिवळी कड नसते. ती निखळ हिरवी निघतात. कड हवी असेल, तर जमिनीखालचे आडवे खोड सुरीने कापून, केळीच्या मुनव्याप्रमाणे कोंब असलेला तुकडा वेगळा लावावा लागतो. एकाच झाडाच्या दोन ठिकाणी सुरी चालवल्यावर दोन वेगळी झाडे का मिळावीत?

याचे उत्तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत मिळाले. हान्स विंकलर यांनी टोमॅटो आणि काकमाची यांचे कलम केले. कलमाच्या सांध्यावर फुटलेल्या एका कोंबाची एक बाजू टोमॅटोची, तर दुसरी काकमाचीची होती. सिंहाचे तोंड, बकरीचे धड आणि सर्पाचे शेपूट असलेल्या ग्रीक पुराणातील प्राण्यावरून त्यांनी १९०७ मध्ये अशा वनस्पतीला ‘कायमेरा’ हे नाव दिले. १९०९ मध्ये एर्विन बाउर यांनी पांढऱ्या कडेच्या जिरेनियमचा अभ्यास करून दाखवले की, अशा झाडांत दोन वेगळ्या आनुवंशिक घडणीच्या पेशींचे थर एकमेकांवर गुंडाळलेले असतात. आपल्या स्नेक प्लांटचीही हीच गत आहे. वाढीच्या टोकाशी हे थर एकत्र असतात, म्हणून कोंबातून दोन्ही पुढे जातात. पानाच्या तुकड्यातून येणारे रोप आतल्या हिरव्या पेशींपासून घडते, आणि कड मागे राहते. कडेच्या पेशींत हरितद्रव्य पुरेसे नसते. आतल्या हिरव्या भागाच्या आधारावरच त्या जगतात. म्हणूनच एखादा पूर्ण हिरवा फुटवा आला, तर तो अधिक जोमाने वाढतो आणि जाणकार माळी तो वेळीच काढून टाकतो.

या शास्त्रीय तथ्याचा ऐतिहासिक अर्थ मोठा आहे. ही कड बीजातून वा पानातून पुढे जात नाही; ती जाते केवळ देहाचा तुकडा देऊन. म्हणजे आपल्या कुंडीतील झाड हे पूर्वजांचे वंशज असण्यापेक्षा त्यांच्याच देहाचे लांबलेले टोक ठरते. ते टोक धरून मागे गेले, तर आपण आफ्रिकेतील काँगोच्या खोऱ्यात पोचतो. बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ एमिल लॉराँ यांनी १९०३-०४ च्या काँगो मोहिमेत केलेल्या संग्रहातून हे झाड युरोपात आले. लॉराँ परतीच्या प्रवासात १९०४ मध्ये जहाजावरच वारले. त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या एमिल द विल्डमान यांनी त्यांच्या स्मरणार्थ या झाडाला ‘लॉरेंटी’ हे नाव दिले. पुढे १९१५ मध्ये क्यूच्या एन. ई. ब्राउन यांनी त्याला ‘सान्सेव्हिएरिया ट्रायफॅशिएटा’चा एक प्रकार ठरवले.

ते काँगो १८८५ ते १९०८ या काळात राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी मालमत्ता होते. रबराची सक्तीची वसुली आणि त्यासाठी तोडलेले हात यांची नोंद करणारा रॉजर केसमेंट यांचा अहवाल ब्रिटनमध्ये १९०४ मध्येच प्रसिद्ध झाला. झाड गोळा करणारा शास्त्रज्ञ त्या अत्याचारांचा कर्ता होता, असे म्हणता येणार नाही. मात्र ज्या राजवटीने रबर बाहेर नेले, तिच्याच वाटांनी ही कुंडीतील शोभाही बाहेर पडली. झाडाच्या नावात शास्त्रज्ञाची स्मृती राहिली. ज्यांच्या भूमीतून ते आले, त्या लोकांची एकही खूण त्यात उरली नाही.

कुळाच्या नावाचीही अशीच कापाकापी झाली आहे. नेपल्समध्ये १७८७ साली पेटान्या यांनी आपल्या आश्रयदात्या सान्सेव्हेरिनो घराण्यातील सरदाराचे नाव या कुळाला दिले. १७९४ मध्ये थुनबर्ग यांनी ते ‘सान्सेव्हिएरिया’ असे लिहिले आणि श्रेय भलत्याच राजपुत्राच्या नावावर जमा झाले. २०१७ मध्ये हे झाड ‘ड्रॅसीना’ कुळात वर्ग झाले, तेव्हा तेही नाव सुटले. या झाडाच्या भारतीय भाऊबंदांच्या पानांतील तंतू चिवट असतात. संस्कृतमधील ‘मूर्वा’ म्हणजे हीच वनस्पती, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ती एखादी वेल असावी. धनुष्याच्या दोरीला ‘मौर्वी’ म्हणतात ते मूर्वेवरून. शोभेच्या आधी उपयोग होता, याची ही भाषेतील साक्ष.

शोभेला बाजारमूल्य आल्यावर मात्र सुरीवरही हक्क सांगितला गेला. १९३० साली अमेरिकेने वनस्पतींच्या पेटंटचा कायदा केला. बीजाविना, म्हणजे कलम वा छाट यांद्वारे वाढवलेल्या नव्या वाणांना त्यात संरक्षण मिळाले. १९३९ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथील एका रोपवाटिकेत ‘लॉरेंटी’मधूनच एक बुटका, घरट्यासारखा फुटवा निघाला. ‘हानी’ नावाने त्याचे पेटंट १९४१ मध्ये नोंदले गेले. काँगोतून विनामूल्य आलेल्या देहाचा एक तुकडा असा कोणाच्या तरी मालकीचा झाला. भारताच्या २००१ च्या कायद्याने वाणाच्या निर्मात्याला हक्क देताना बियाणे राखण्याचा आणि देवाणघेवाण करण्याचा शेतकऱ्याचा अधिकारही मान्य केला. तो भेद या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे शेजारणीने शेजारणीला झाडाचा फुटवा देण्याची रीत जुनी आहे. या झाडाच्या बाबतीत पिवळी कड टिकते ती याच रीतीने. पानाचा तुकडा देणारा झाड देतो. मुळाशी कापून मुनवा देणारा झाडाबरोबर त्याचा इतिहासही देतो. तो घेताना त्या इतिहासातील काँगोचे पान गळू न देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.