ऑर्गनचा भाता

ठाण्याच्या गडकरी रंगायतनात संगीत नाटक बघताना आपण ऑर्गनवाल्याची बोटं पाहतो; पाय कुणी पाहत नाही. आज त्या पायांकडे बघू.

१८४०च्या सुमारास पॅरिसच्या डेबेननं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्यात भाता पितळी सुरांवर हवा ढकलतो. अमेरिकन ऑर्गनचं उलटं. पायाखालचे दोन भाते आळीपाळीनं आतल्या मोठ्या भात्यातली हवा उपसतात, आणि बाहेरची हवा सुरांतून आत ओढली जाते. मोठ्या भात्याला स्प्रिंग सतत उघडू पाहते, म्हणून पाय क्षणभर अडखळला तरी ओढ टिकते. ती फार वाढली, तर एक झडप उघडून हवा आत घेते. संपलं नियमन!

बालगंधर्वांना हरिभाऊ देशपांड्यांच्या ऑर्गननं जो अखंड आधार दिला, त्यात या स्प्रिंगचाही वाटा आहे, असं आम्ही मानतो.

पुढं परदेशी ऑर्गन दुर्मीळ झाले. होते ते डागडुजी करून वाजवायचे, नाहीतर नाट्यसंगीताची साथ इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर सोपवायची. अशा वेळी राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्यात दात्यांनी ऑर्गन इथंच घडवला. पेटी कुणीही चांगला सुतार करील हो. अवघड तो भाता. घडीच्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली, तरी पाय भरून येतात आणि खर्जातले सूर उशिरा बोलतात.