थालर नाणी

थालर नाणी : जर्मन भाषिक प्रदेशांत सोळाव्या शतकापासून प्रचारात आलेली मोठी चांदीची नाणी. बोहीमियातील योआखिमस्टाल येथे श्लिक सरदारांनी १५२० च्या सुमारास पाडलेल्या नाण्यांवरून हे नाव रूढ झाले. थालरमध्ये सु. २६ ग्रॅ. शुद्ध चांदी असावी, असे १५६६ मध्ये साम्राज्याने ठरविले. सतराव्या शतकात यूरोपीय व्यापाऱ्यांनी सुरतेस आणलेली नाणी वजनाने व कसाने विकली जात आणि टांकसाळीत आटवून त्यांचे रुपये पाडले जात. नंदुरबार, थाळनेर, चोपडा या खानदेशी मार्गाने बऱ्हाणपुरास रुपया गेला; थालरवरील राजा, टांकसाळ व साल यांची साक्ष मात्र मुशीतच संपली. संग्राहकास येथे जुना थालर विरळाच आढळतो, तो यामुळे.

हाती आलेला थालर जुना असेलच असे नाही. ॲबिसिनिया व अरबस्तानात खपणारे मारिया टेरेसा थालर मुंबईच्या टांकसाळीनेही १९४०–४१ मध्ये पाडले. त्यांवर साल १७८० च आहे. म्हणून गरुडाच्या शेपटीची पिसे व राणीच्या पदकातील मोती मोजून नाण्याची टांकसाळ व काळ ठरवावा लागतो. उजळण्यासाठी घासलेल्या नाण्यावर हीच बारीक चिन्हे प्रथम झिजतात.