मागाठाण्याचे शेत

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीचा डोंगर चढून 81 क्रमांकाच्या लेण्यापाशी गेले, की भिंतीवर एका व्यवहाराची नोंद दिसते. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. तारीख लेखातच आहे: गौतमीपुत्र स्वामी श्रीयज्ञ सातकर्णीचे सोळावे राज्यवर्ष, ग्रीष्माचा पहिला पक्ष, पाचवा दिवस. इतकी नेमकी तारीख असूनही इसवी सन मात्र नेमका सांगता येत नाही, कारण हा राजा गादीवर कधी बसला याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध, एवढेच खात्रीने म्हणता येते.

व्यवहार असा. कल्याणात राहणारा, आनंदाचा मुलगा अपरेणु हा व्यापारी बौद्ध उपासक होता. त्याने कुटुंबासह संघाला एक लेणे आणि एक दालन दान दिले. शिवाय 200 कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ‘अखयनिवि’ ठेवली. म्हणजे कायमची ठेव: मुद्दल मोडायचे नाही, खर्च व्याजातून करायचा. त्यापुढे ‘मंगलठाण’ या गावातले एक शेतही दिले. यातून सोळा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रासाठी, आणि ऋतुकाळात दरमहा एक ‘पडिक’ द्यावा, असे लेख सांगतो.

दात्याचे नाव, त्याचे गाव, ठेवीचा आकडा आणि शेताचे दान या चार गोष्टी दगडात कोरलेल्या आहेत, त्यांविषयी वाद नाही. शेत केवढे होते, कोण कसत होते, पिकत काय होते, यांपैकी काहीच कळत नाही. व्याजाचा दरही दिलेला नाही.

दरासाठी नाशिकला जावे लागते. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले. व्याज शेकडा दरमहा एक पडिक, आणि त्यातून वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला 240. वीस भिक्षूंना बारा-बारा दिले, तरी 240. पडिक म्हणजे कार्षापणच, हे या गणितातूनच सिद्ध होते.

तोच दर कान्हेरीला लावला तर 200 कार्षापणांवर वर्षाला 24 येतात. चीवराचे सोळा वजा केले, की आठ उरतात. महिन्याला एक या हिशेबाने आठ महिन्यांची सोय झाली! आकडे असे चपखल बसले, की अभ्यासकाचा हात लिहायला शिवशिवतो. पण थांबायला हवे. नाशिकचा दर कान्हेरीत चालत होता याला पुरावा नाही, आणि ‘ऋतुकाळ’ म्हणजे किती महिने हे लेख सांगत नाही. तो पावसाळ्याचे चार महिने असेल, तर चार कार्षापण शिल्लक राहतात. शिवाय ‘यातून’ या शब्दात फक्त ठेव धरायची की शेताचे उत्पन्नही? शेत धरले तर सगळे गणितच बदलते. माझा कल शेत धरण्याकडे आहे, कारण ‘यातून’ हा शब्द शेताच्या उल्लेखानंतर येतो. तरीही तो कलच.

त्याच नाशिकच्या लेण्यात उषवदाताने दिलेल्या एका शेताचीही नोंद आहे. ते अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून 4000 कार्षापणांना घेतलेले, शहराच्या वायव्य सीमेवरचे. विकणारा, किंमत, दिशा, सगळे दिले आहे. अपरेणुच्या शेताबद्दल यातले एकही नाही. कल्याणच्या व्यापाऱ्याकडे डोंगरापलीकडचे शेत आले कुठून? विकत घेतले असेल, कर्जापोटी आले असेल किंवा वडिलोपार्जित असेल. तिन्ही शक्यता खुल्या आहेत.

आता गावाकडे वळू. मंगलठाण म्हणजे बोरिवली पूर्वेचे मागाठाणे, ही जुळणी एकोणिसाव्या शतकातच झाली. ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी कान्हेरीच्या लेखांच्या नकला केल्या, बर्जेस आणि ब्यूलर यांनी 1883 मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्व अहवालात त्यांची वाचने छापली, आणि पुढे शोभना गोखले यांचे ‘कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स’ हे पुस्तक 1991 मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केले. (जुनी पुस्तके घेऊन डोंगरावर जाणाऱ्याने एक जपावे: लेण्यांचे क्रमांक मध्यंतरी बदलले आहेत. जुन्या यादीतले 66 क्रमांकाचे लेणे आज 90 आहे.)

नाव जुळते हा पहिला पुरावा. तो एकटा असता तर मी फारसा भरवसा ठेवला नसता. दुसरा भूगोलाचा: कान्हेरीहून पश्चिमेला उतरले, की सपाटीवर पहिल्यांदा लागणाऱ्या गावांत मागाठाणे येते. संघाला जवळच्या शेतावर लक्ष ठेवणे सोपे. तिसरा पुरावा सर्वांत बोलका: मागाठाण्यातच बौद्ध लेणी आहेत. मात्र शैलीवरून ती सहाव्या शतकाच्या आसपासची ठरतात, म्हणजे अपरेणुच्या दानानंतर साडेतीनशे-चारशे वर्षांनी. गाव आणि संघ यांचा संबंध इतका काळ टिकला असे मानायचे, की तो तुटून नव्याने जुळला? मधल्या काळातला मागाठाण्याचा उल्लेख मला माहीत नाही. डोंगरावरचा विहार मात्र नांदता होता. 1839 मध्ये जेम्स बर्ड यांना कान्हेरीच्या एका स्तूपात मिळालेल्या ताम्रपटावर त्रैकूटक राजांच्या कालगणनेचे 245 वे वर्ष, म्हणजे इ. स. 494 च्या सुमाराचा काळ आहे आणि त्यात ‘कृष्णगिरी महाविहार’ असे नाव येते.

पुढचा साक्षीदार अनपेक्षित आहे. 90 क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत पारशी पाहुण्यांनी आपली नावे कोरली आहेत. वेस्ट यांनी त्यांच्या तारखा लावल्या: 10 ऑक्टोबर 1009, 24 नोव्हेंबर 1009 आणि 30 ऑक्टोबर 1021. हे लोक दान द्यायला आले नव्हते. लेखांत दानाचा शब्द नाही, फक्त आलेल्यांची नावे आहेत. पावसाळा सरल्यावर मंडळी डोंगरावर फिरायला आली, हा माझा अंदाज तारखांच्या महिन्यांवरून. तो खरा असेल, तर उपनगरातल्या सहलीची ही सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी एक म्हणावी लागेल. भिंतीवर नाव कोरण्याची खोडही तेवढीच जुनी. आज मात्र तसे करणे गुन्हा आहे.

त्यानंतरचा इतिहास कागदावर आहे, म्हणून तो थोडक्यात. 1882 च्या ठाणे गॅझेटियरला मागाठाणे ठाऊक होते. 1 फेब्रुवारी 1957 रोजी मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली आणि बोरिवलीची गावे शहरात आली. डोंगर आणि जंगल राष्ट्रीय उद्यानात गेले. आज उद्यानाचे क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर आहे. 2009 पासून मागाठाणे हा विधानसभा मतदारसंघ आहे. मेट्रोच्या 7 क्रमांकाच्या मार्गावर मागाठाणे, देवीपाडा, राष्ट्रीय उद्यान अशी लागोपाठ स्थानके आहेत. मागाठाण्याची लेणी मात्र वस्तीने वेढली गेली आहेत आणि शेजारून रोज जाणाऱ्यांतल्या अनेकांना ती ठाऊक नसतात.

सगळे तोलून माझा निष्कर्ष असा: मंगलठाण म्हणजे मागाठाणे, हे बहुतांशी मान्य करण्याजोगे आहे. मात्र शेत नेमके कुठे होते हे कोणत्याही नकाशावर दाखवता येत नाही. कोणी एखाद्या सोसायटीकडे बोट दाखवून ‘हेच ते’ म्हणाले, तर त्यांच्याकडे पुरावा जरूर मागा.